अमेरिकेत एमएससाठी मोठ्या शहरातलं विद्यापीठ चांगलं की कॉलेज टाउनमधलं?

कॉलेज टाउन घ्या, म्हणजे विद्यापीठाभोवतीच वसलेलं छोटं गाव. "तिथे कंटाळा येतो म्हणतात" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, ते वाचूनच लिहायला बसलो, कारण हेच वाक्य माझा मावसभाऊ घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकवतो.

मी अर्बाना-शॅम्पेनला होतो, इलिनॉय विद्यापीठात. तो न्यूयॉर्कला, त्याच्या कॉलेजचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. एकदा ऑगस्टमध्ये साहेब माझ्याकडे आले, आणि आले ते नेमके घरं बदलायच्या आठवड्यात. आमच्याकडे गावभरची लीज ऑगस्टच्या मध्यावर जवळपास एकदमच संपतात आणि नवीन घराची चावी बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी मिळते, मधल्या काळात तुम्ही बेघर. फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलं, ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं. आम्ही सगळे एका सीनियरच्या हॉलमध्ये पथारी टाकून, बाथरूमला जायचं तर कुणाच्या तरी बॅगा ओलांडून. पठ्ठ्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, 'याची अमेरिका बघा'.

दुसऱ्या दिवशी कॅम्पस दाखवायला नेलं. तिथे ऐन कॅम्पसमध्ये मॉरो प्लॉट्स म्हणून मक्याचं शेत आहे, १८७६ पासून त्यावर प्रयोग चालू आहेत, आणि त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी चक्क जमिनीखाली बांधली, १९६९ मध्ये उघडली. मी हे कौतुकाने सांगतोय आणि हा म्हणतो, "म्हणजे शेतीच करायला आलास की!" लगेच मावशीला फोन. तेव्हापासून मी आमच्याकडे 'मक्यातला एमएस'. वेब घराघरांत पोचवणारा मोझेक ब्राउझर १९९३ मध्ये आमच्याच विद्यापीठातून, याच मक्यातून बाहेर आला हे मावशीला कोण सांगणार?

आता त्याचं बघा. मॅनहॅटनचं भाडं झेपेना म्हणून नदीपलीकडे जर्सी सिटीत राहायचा, लेक्चर संपलं की जो तो आपापली ट्रेन पकडणार, वर्गातल्या लोकांची धड नावं माहीत नव्हती त्याला. मी रात्री लॅबमधून निघालो तरी रस्त्यात ओळखीचे भेटायचे, प्रोफेसर किराण्याच्या दुकानात दिसायचे, आणि माझी असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायची विद्यापीठातली अर्धवेळ नोकरी) अशीच बिलाच्या रांगेत सुरू झालेल्या गप्पांतून लागली. आमच्याकडे २५ टक्के असिस्टंटशिप, म्हणजे आठवड्याला १० तास काम, तेवढ्यावरही ट्यूशन माफ व्हायची. (सगळ्या प्रोग्रॅम्सना हे लागू नाही हां, आधी विचारून घ्या.) बसचे पैसे फीमध्येच, आय-कार्ड दाखवलं की झालं. माझं कर्ज त्याच्या आधी फिटलं, पण ते नाही टाकलं कुणी ग्रुपवर.

आता हेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. फायनान्स, पत्रकारिता, फिल्म असलं काही करणार असाल तर माझं ऐकू नका, शहरातच जा. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सहसा पहिलं वर्ष कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, पण नंतर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी) घेऊन सेमिस्टर चालू असताना पार्ट टाइम इंटर्नशिप करायला शहरात भरपूर कंपन्या असतात, आम्हाला कॅम्पसलगतच्या रिसर्च पार्कमध्ये मिळाली तर मिळाली, नाहीतर समरची वाट बघा. शिकागो सव्वादोनशे किलोमीटर, रोज जाणं सोडाच. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या सुट्टीत, गाव अक्षरशः ओस पडतं, बसही कमी होतात, गाडी नसेल तर किराणा आधीच भरून ठेवा.

ओपीटीचे (पदवीनंतर याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे) १२ महिने आणि स्टेमवाल्यांना, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांना, वरचे २४ हे दोन्हीकडे सारखंच, त्यावरून ठरवू नका. त्यापेक्षा डिपार्टमेंटला सरळ मेल टाकून विचारा की मास्टर्सच्या किती जणांना असिस्टंटशिप मिळते. आणि लीजवर सही करताना ऑगस्टमधला गॅप किती दिवसांचा आहे तेवढं बघून घ्या.