वाचकांचे प्रश्न: दोन ओळींच्या पॅचसाठी सर्व्हर रीस्टार्ट करायचा?

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. आमचा उबुंटू सर्व्हर वर्षभराहून जास्त काळ एकदाही रीस्टार्ट न करता चालू आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक आहे. अपडेट मी टाकतो, पण कर्नलचं सिक्युरिटी अपडेट आलं की ‘रीस्टार्ट आवश्यक’ असं येतं, तेवढं टाळतो. या अपडेटमध्ये एवढं काय दुरुस्त करतात? आणि आमच्यासारख्या ठिकाणी हल्ला करायला येणार तरी कोण?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. बाहेरून कोणी यायची गरजच नाही; तुमच्या सर्व्हरवर पोरांची लॉगिन असतीलच ना? कर्नल म्हणजे उबुंटूच्या तळाशी असलेला लिनक्सचा गाभा. त्यातले पुष्कळसे दोष असे असतात, की ज्याच्याकडे साधं लॉगिन आहे त्याला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होता येतं. ज्या मशीनवर दोनच माणसं बसतात तिथे याची धास्ती कमी. कॉलेजच्या लॅबला जास्त.

आता दुरुस्त काय करतात ते. मी पुण्यात जुन्या कर्नलमध्ये नव्या दुरुस्त्या उतरवायचं काम करतो, बॅकपोर्टिंगचं. दिवसभर पॅचच, म्हणजे कोडमधले दुरुस्तीचे तुकडे, बघत असतो. कोणी असं विचारलं की मी २०२२ मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी पाइप’ या कर्नलमधल्या दोषाची गोष्ट सांगतो, कारण तिची सुरुवात कुठल्या हॅकरपासून नाही, एका ग्राहकाच्या कुरकुरीपासून होते.

एप्रिल २०२१. जर्मनीतल्या एका वेब होस्टिंग कंपनीकडे तक्रार आली, की डाउनलोड केलेली लॉग फाइल (वेबसाइटला आलेल्या भेटींची नोंद) उघडत नाही. फाइल नीट करून दिली, तिकीट बंद. काही महिन्यांनी तेच. मग पुन्हा तेच. तिथले मॅक्स केलरमान शेवटी बिघडलेल्या फाइलींचे बाइट काढून बसले. प्रत्येक फाइलीचे शेवटचे आठ बाइट गायब, आणि त्यांच्या जागी दर वेळी तेच आठ परके बाइट. त्यातले पहिले दोन म्हणजे ‘पी’ आणि ‘के’, झिप फाइलीची खूण! शिवाय महिन्याच्या शेवटच्या दिवसाची फाइलच सगळ्यात जास्त वेळा बिघडलेली.

त्यांच्याकडे महिन्याभराच्या फाइली एकत्र करून झिप देणारा एक प्रोग्रॅम होता. शेवटच्या दिवसाची फाइल पाठवून झाली की तो लगेच झिपची यादी लिहायचा, म्हणजे दुवा जुळला. पण त्या प्रोग्रॅमला लॉग फाइलींमध्ये लिहायची परवानगीच नव्हती. मग लिहिलं कोणी? कर्नलने.

ते कसं, हे जरा बारकाईने बघू. फाइल वाचली की लिनक्स तिचा मजकूर ४ केबीच्या पानांमध्ये मेमरीत ठेवतं. याला पेज कॅश म्हणतात, आणि ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला तेच पान दिसतं. ‘स्प्लाइस’ हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती) वापरला की ते पान कॉपी न करता थेट पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या नळीत, लावता येतं. पाइपमध्ये सहसा १६ खण असतात, ते आळीपाळीने वापरले जातात. प्रत्येक खणाला फ्लॅग, म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या, असतात, आणि त्यातला एक फ्लॅग सांगतो की या पानात जागा उरली असेल तर पुढचा मजकूर इथेच लिही. पाइपच्या स्वतःच्या पानाला हे ठीक. फाइलीच्या पानाला मुळीच नाही. स्प्लाइस करताना खणातली बाकी माहिती नव्याने भरली जायची, फ्लॅग मात्र आधीचेच राहायचे. डब्यात मीठ भरलं, पण वरची ‘साखर’ लिहिलेली चिठ्ठी काढलीच नाही, त्यातला प्रकार. म्हणून पाइपमध्ये पुढे लिहिलेली झिपची यादी लॉग फाइलीच्याच पानात गेली.

मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते ती तारखांची. फ्लॅग पुसायचे राहिले ते २०१६ मध्ये, कर्नलच्या ४.९ आवृत्तीच्या वेळी. तेव्हा त्याने काहीच बिघडत नव्हतं, कारण हा ‘इथेच लिही’वाला फ्लॅगच अस्तित्वात नव्हता. तो आला २०२० मध्ये, ५.८ मध्ये, कोड आवरताना. त्या बदलातही स्वतंत्रपणे बघितलं तर खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही एकत्र आले आणि भोक पडलं. केलरमान यांना ४.१९ मध्ये दोष दिसत नव्हता, ५.१० मध्ये दिसत होता. मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार बदल. ‘गिट बायसेक्ट’ या साधनाने दर वेळी निम्मे बाजूला काढत १७ पायऱ्यांत दोषी बदल हाती लागला.

पॅच म्हणाल तर दोन फंक्शनमध्ये एकेक ओळ: फ्लॅग शून्य करा. संपलं.

कर्नलच्या सिक्युरिटी टीमला कळवलं २० फेब्रुवारी २०२२ ला. दुसऱ्या दिवशी पॅच उघडपणे पाठवला गेला, पण हा सुरक्षेचा मामला आहे याचा त्यात उल्लेख नाही. २३ तारखेला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या दुरुस्त आवृत्त्या आल्या. जगाला खरा प्रकार सांगितला ७ मार्चला. मधल्या काळात तो पॅच वाचणाऱ्याला किरकोळ साफसफाईच वाटली असती. म्हणून, ‘यातलं महत्त्वाचं तेवढं निवडून टाकतो’ असं कोणी म्हणालं की मी गप्प बसतो. मला रोज हेच बघूनही दर वेळी ओळखता येत नाही.

तुमच्या लॅबमध्ये याचा अर्थ काय झाला असता? जी फाइल फक्त वाचता येते तीही बदलता येत होती. उदाहरणार्थ पासवर्ड फाइलमधली रूटची ओळ. आणि बदल मेमरीतल्या पानावर व्हायचा, पान बदललंय अशी नोंदही व्हायची नाही. त्यामुळे बहुतेक वेळा डिस्कवर मागमूस राहत नसे.

तर, रीस्टार्ट. अपडेट टाकलं की नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, चालू असतो तो जुनाच. ‘युनेम -आर’ ही कमांड देऊन चालू कर्नलचा आकडा बघा आणि तो आकडा नुकत्याच टाकलेल्या पॅकेजशी ताडा. (मूळ लिनक्सच्या आकड्याशी ताडू नका. आम्ही लोक पॅच जुन्यात उतरवतो, त्यामुळे आकडा जुना दिसला तरी दुरुस्ती आत असू शकते.) लाइव्ह पॅचिंगची, म्हणजे रीस्टार्ट न करता दुरुस्ती लावायची, सोय २०१५ पासून, म्हणजे ४.० पासून, मूळ कर्नलमध्ये आहे. चालू कर्नलमधलं सदोष फंक्शन बाजूला सारून नवं वापरायला लावतात. पण सगळ्या दुरुस्त्या तशा बसत नाहीत, विशेषतः डेटाची मांडणीच बदलली असेल तर. महिन्यातला एक रविवार ठरवा, मुलांना आधी सांगा आणि रीस्टार्ट करा. वर्षभराचं अपटाइम म्हणजे वर्षभराचे न लागलेले पॅच.

प्रश्न: इतक्या स्वयंचलित चाचण्या असताना ‘डर्टी पाइप’ हा दोष आधी का सापडला नाही?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कराड

उत्तर: ‘सिझबॉट’सारखी साधनं कर्नलवर वेडेवाकडे सिस्टिम कॉल सोडत राहतात आणि काही कोसळतंय का ते बघतात. इथे काहीच कोसळलं नाही. कर्नल गपगुमान भलत्या जागी लिहीत राहिला. मेमरीत काही न भरताच ती वाचली तर पकडणारी साधनंही आहेत, पण पाइप तयार होतानाच सगळे खण शून्याने भरलेले असतात. फ्लॅग भरलेलाच होता, फक्त मागच्या फेरीचा. साधनाच्या दृष्टीने सगळं आलबेल. असे दोष शोधायचे तर ‘हे मूल्य कोणाच्या वेळचं आहे?’ हा प्रश्न कोड वाचतानाच पडावा लागतो.

प्रश्न: माझ्या अँड्रॉइड फोनलाही ‘डर्टी पाइप’चा धोका होता का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: गंमत अशी, की तेव्हाच्या नव्याकोऱ्या फोनना होता. गुगलच्या पिक्सेल ६ वर केलरमान यांनी हा दोष करून दाखवला, कारण त्यात कर्नल ५.१० होता. गुगलने २४ फेब्रुवारीलाच दुरुस्ती अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये घेतली. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली कर्नलचा आकडा दिसतो. तो ५.८ पेक्षा जुना असेल तर हा दोष तुमच्या फोनमध्ये कधी नव्हताच. मात्र इतक्या जुन्या फोनला कंपनी अजून अपडेट देते का, ते तिथेच सिक्युरिटी पॅचची तारीख बघून तपासा.