होम रन ४३३, तरी मोठ्या लीगमध्ये जागा नाही

प्रश्न : सर, माझा भाचा अमेरिकेत टोलिडोला शिकतो. तिथल्या संघातून खेळलेल्या माइक हेसमनविषयी त्याने सांगितलं. १९९६ ते २०१५ बेसबॉल खेळला, विक्रम केला, पण मोठ्या लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, टिकला नाही. माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा. गोव्याच्या रणजी संभाव्य यादीत नाव येतं, अंतिम संघात येत नाही. हेसमनचं उदाहरण देऊन त्याला धीर द्यावा का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : देऊ नका. माणूस भारी आहे, पण तुमच्या मुलाच्या उपयोगाचा नाही.

टोलिडोचा मड हेन्स हा मायनर लीगचा, म्हणजे खालच्या पायरीवरचा संघ, मोठ्या लीगमधल्या डेट्रॉइट टायगर्सशी जोडलेला. खेळाडूंचा पगार टायगर्स देतात, वर कोणाला बोलवायचं हेही तेच ठरवतात. दोन्ही मैदानांत मोटारीने तासाभराचं अंतर. आपल्याकडे पेडण्याहून काणकोणला जायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या जवळ राहून वर्षानुवर्षं बोलावण्याची वाट पाहायची!

हेसमनचे मायनर लीगमधले होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ४३३. बझ आर्लेटचा ४३२ चा अमेरिकन मायनर लीगचा जुना विक्रम त्याने ऑगस्ट २०१५ मध्ये मोडला, तोही तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही टप्प्यांवर, आपले गडी उभे असताना. मोठ्या लीगमध्ये मात्र एकूण १०९ सामने, १४ होम रन आणि सरासरी .१८८. दहांत तीनदा हिट मिळवणारा, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणारा, तिथे उत्तम फलंदाज. याला धड दोनही जमले नाहीत. बॅटला लागला की चेंडू कुंपणापार, पण लागायचाच कमी. वरच्या दर्जाच्या पिचरपुढे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापुढे, हे झाकून राहत नाही. त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला असं मला तरी वाटत नाही.

मग खेळला कशाला? कारण ती त्याची नोकरी होती. काही वर्षांनी मायनरच्या खेळाडूलाही आपला संघ निवडून पगाराची बोलणी करता येतात. २०११ मध्ये तो जपानला ओरिक्स संघाकडून खेळून आला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मोठ्या लीगच्या चालू संघांतले खेळाडू नव्हते, म्हणून मायनरवाल्यांना संधी मिळाली आणि हेसमन कांस्यपदक घेऊन घरी गेला.

तुमच्या मुलाचं तसं नाही. २०२१ पासून रणजीच्या अंतिम अकरांत नवख्यालाही दिवसाला ४०,००० रुपये मिळतात, राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. नुसतं संभाव्य यादीत नाव असलं तर ते मानधन नाही. म्हणजे हेसमन कामावर होता, तुमचा मुलगा अजून अर्जदार आहे. त्याने खेळ सोडावा असं मी म्हणत नाही. पण निवड समितीतल्या कोणाला तरी गाठून, आपण नेमके कशात कमी पडतो, एवढं त्याने तोंडावर विचारावं. आणि सामन्यांसाठी रजा देणारी एखादी नोकरी याच पावसाळ्यात बघावी, मोसम सुरू झाल्यावर ते जमत नाही.