दारूच्या परवान्यांचे नियम बदलावेत का? आणि टोकाच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काय?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या डोक्यात ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

माझा सख्खा काका दारूपायी गेला. शेवटच्या वर्षी पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत अर्धं पाणी सदऱ्यावर सांडायचं आणि काकू काही न बोलता पुसून घ्यायची. त्यामुळे ‘ज्याला प्यायची त्याला पिऊ द्या, सरकारनं मध्ये पडू नये’ हे मला अजिबात पटत नाही. तरीही सरसकट दारूबंदीला माझा विरोध आहे.

अमेरिकेत जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ देशभर दारूबंदी होती. त्याच काळात कू क्लक्स क्लॅन ही वंशद्वेषी संघटना फोफावली आणि बंदीची राखणदार म्हणून मिरवू लागली. इलिनॉय राज्यातल्या विल्यमसन काउंटीत १९२३-२४च्या हिवाळ्यात क्लॅनच्या माणसांनी घराघरांत घुसून दारूसाठी झडत्या घेतल्या. त्यात इटलीहून आलेल्या खाणकामगारांची बरीच घरं होती. जेवताना घरची वाइन घेणं ही त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बाटली हे निमित्त होतं. राग होता तो परदेशातून आलेल्या कॅथलिक माणसावर. मी अतिरेकी म्हणतो तो असल्या राजकारणाला. झेंडा कुठल्या रंगाचा आहे, याच्याशी मला कर्तव्य नाही. कायदा राबवायचं काम पोलिस-कोर्टाकडून काढून ‘आपल्या पोरांच्या’ हाती दिलं, की कुणाचं दार फुटणार हे आधीच ठरलेलं असतं.

आता परवान्यांचं. हा विषय रुक्ष वाटतो, पण खरी लढाई इथंच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३चा कायदा नोव्हेंबर २००५पासून पूर्णपणे लागू झाला आणि चोवीस तास विक्रीचा परवाना मागण्याची मुभा मिळाली. परवाना देताना चार गोष्टी पाहायच्या: गुन्हे आणि दंगाधोपा टाळणं, लोकांची सुरक्षितता, आसपासच्यांना उपद्रव न होणं आणि मुलांचं रक्षण. आरोग्याचं नावच नाही! स्कॉटलंडनं २००५च्या आपल्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य ही पाचवी गोष्ट घातली. शिवाय एखाद्या भागात दुकानं आधीच जास्त झाली असतील, तर तेवढ्या कारणावरून तिथं नवा परवाना नाकारता येतो. मला हवी ती सुधारणा हीच. नकाराचं कारण लेखी द्यावं, दुकानदाराला अपील करता यावं आणि शेजारच्यांची हरकत नीट ऐकून घेतली जावी. यात घोषणा देण्यासारखं काहीच नाही, म्हणून कुठल्याही टोकाच्या पुढाऱ्याला ते नको असतं.

काकाच्या घरापासून दुकान शंभर पावलांवर होतं आणि मध्यरात्रीपर्यंत उघडं असायचं. बंदी असती तर त्यानं चोरून आणली असती, हे मला माहीत आहे. पण ते दुकान नऊला बंद झालं असतं, तर काकूला रात्री दारात ताटकळत बसावं लागलं नसतं.