‘रूबेन जेम्स’ची पाकिटं आणि मुलीच्या फीचे पैसे

प्रश्न: अमेरिकेत एडिसनला राहतो. ‘रूबेन जेम्स’ या अमेरिकी विनाशिकेची 88 टपाल पाकिटं 6,500 डॉलरला मिळताहेत. यादी सोबत जोडली आहे. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या 20,000 मधून घेऊ का? कॉलेज तीन वर्षांवर आलंय.

उत्तर: त्या पैशातून घेऊ नका. आधी यादीकडे बघा. त्यातली 31 पाकिटं 1943 ते 1945 ची आहेत आणि ही विनाशिका 31 ऑक्टोबर 1941 लाच आइसलँडजवळ यू-552 या जर्मन पाणबुडीने बुडवली. 1943 मध्ये त्याच नावाची एक एस्कॉर्ट नौका, डीई-153, सेवेत आली. ही पाकिटं असलीच तर तिची. 51 पाकिटं 1930 च्या दशकातली, नेव्ही डे नि नाताळच्या छापील चित्रांची. ती संग्राहकांनी संग्राहकांसाठीच काढलेली, म्हणून भरपूर मिळतात. या 82 पाकिटांचे सरासरी पाच डॉलर धरले तर 410 होतात. म्हणजे 1941 ची उरलेली सहा पाकिटं तुम्हाला प्रत्येकी 1,015 डॉलरला पडताहेत.

ती सहा नीट तपासा. पाकिटावर तिकिटाऐवजी ‘फ्री’ लिहिलं असेल तर शंका घ्या, कारण सैनिकांना मोफत टपाल 1 एप्रिल 1942 पासून मिळालं. गरुडाचं ‘विन द वॉर’ तिकीट 4 जुलै 1942 चं, तेही 1941 च्या शिक्क्याखाली असू शकत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा युद्धानंतरचा, कारण तसे उजळ रंगद्रव्य कागदात नंतर आलं. जुन्या कोऱ्या पाकिटावर नवा शिक्का मारलेला असेल तर मात्र दिवा काहीच सांगत नाही. तिथे तज्ज्ञांचं प्रमाणपत्रच हवं.

आता हिशोब. लिलावात 15 टक्के कमिशन गेलं तर 6,500 हाती यायला बोली 7,647 वर जावी लागते, आणि फी भरायच्या महिन्यात गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. वर्षाहून जास्त ठेवून विकलीत तरी अशा वस्तूंच्या नफ्यावर संघीय कर 28 टक्क्यांपर्यंत लागतो. आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यामधून घेतलीत तर तेवढी रक्कम काढली असं धरून कर बसतो. वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा वर 10 टक्के दंड.

मनापासून आवड असेल तर महिन्याच्या शिलकीतून फक्त ती सहा मागा. तज्ज्ञांनी पाकीट खोटं ठरवलं तर पूर्ण पैसे परत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो नाही म्हणाला तर व्यवहार सोडा.