पझल रेटिंग १८००, तरी डावात घोडा फुकट जातो

तुमचा प्रश्न असा की मुलगी रोज बुद्धिबळाची ५० पझल (कोडी) सोडवते, पझल रेटिंग १८०० च्या वर गेलंय, आणि तरी नागपुरातल्या रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धांत कधी घोडा तर कधी उंट फुकट देऊन येते. मग पझल १०० करायची का? नका करू. ५० ची १५ करा.

पझलच्या आणि डावाच्या रेटिंगचा हिशेबच वेगळा असतो, बहुतेकांचा पझलचा आकडा वरच दिसतो. त्यावरून तिला बोलू नका.

अडचण दुसरीकडे आहे. पझल समोर आलं की इथे काहीतरी दडलंय हे तिला आधीच माहीत असतं. ती शहाची किंवा मोहरा बळी देण्याची चाल हुडकते, खेळते, संगणक उत्तर देतो, मग ती पुढचं बघते. म्हणजे समोरच्याची चाल ती स्वतः शोधतच नाही, आणि डावात नेमकं तेच लागतं.

स्मदर्ड मेटचं, म्हणजे राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडून होणाऱ्या मातीचं, उदाहरण घ्या. (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८.) काळा राजा जी८ वर, शेजारी एफ८ वर हत्ती, पुढे जी७ आणि एच७ ची प्यादी. पांढऱ्याचा घोडा जी५ वर. वजीर सी४ वरून शह देतो, राजा कोपऱ्यात एच८ ला जातो. घोडा एफ७ वर शह, राजा जी८. घोडा एच६ वर, दुहेरी शह, राजा पुन्हा एच८. वजीर जी८ वर बळी, हत्तीला मारावंच लागतं, आणि घोडा एफ७ वर मात. हे मुलांना तोंडपाठ असतं. पण तिला विचारा, घोडा पहिल्यांदा एफ७ वर आला तेव्हाच काळ्याने तो हत्तीने मारला तर? मग मात नाही. वजिराने हत्ती घ्यायचा, घोड्याच्या बदल्यात हत्ती एवढंच पदरात पडतं. ही चाल जिने पाहिली नाही तिने पझल सोडवलं नाही, स्क्रीनवर हिरवी खूण आली तरी.

म्हणून माझा आग्रह: स्क्रीनला हात लावण्याआधी पूर्ण ओळ, समोरच्याच्या सगळ्यात चिवट उत्तरासकट, तोंडाने सांगायची. जमलं तर पझल घरच्या पटावर मांडा. स्पर्धा पटावर होते, तिथे डोळ्यांना वेगळं दिसतं. चुकलेलं पझल वहीत उतरवा आणि आठवड्याने पुन्हा द्या. पझल रशसारखा वेगाचा प्रकार शेवटी पाच मिनिटं, हौस म्हणून.

फुकट जाणाऱ्या घोड्याचा उपाय मात्र हल्ल्याच्या पझलांत नाही. समोरच्याने चाल केली की दर वेळी बघायचं: त्याला आता कुठले शह आहेत, काय मारता येतं, कशाची धमकी आहे, आणि माझ्या कुठल्या मोहऱ्याला जोर (दुसऱ्या मोहऱ्याचा आधार) नाही? फोर्क, म्हणजे एकाच मोहऱ्याचा एकदम दोघांवर हल्ला, बहुतेक वेळा बिनजोर मोहऱ्यावरच बसतो. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर थीमनुसार पझल फुकट मिळतात. तिथे 'डिफेन्सिव्ह मूव्ह' (बचावाची चाल) ही थीम तिला रोज द्या. मुलांना ती कंटाळवाणी वाटते, पण गुण तिथेच वाचतात.

एंडगेमची, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याची, पझलही सोडू नका. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला आपल्या दिव्या देशमुखने अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, ते सगळ्यांना आठवतं. दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीत सुटले होते, आणि निकाल लागला तो रॅपिडच्या दुसऱ्या डावात, एंडगेममध्ये, घड्याळ संपत आलेलं असताना.

सगळ्यात मोलाची पझल तिच्या स्वतःच्या डावांत आहेत. रॅपिडमध्ये चाली लिहिण्याची सक्ती नसते, त्यामुळे घरी येईपर्यंत डाव विसरला जातो. फेरी संपली की हॉलबाहेर बसवून आठवेल तेवढा डाव लिहून घ्या. घरी संगणकावर टाका, पण उत्तर झाकून ठेवा. घोडा गेला त्याच्या एक चाल आधीची स्थिती मांडा आणि एवढंच विचारा: आता समोरचा काय करणार?