वनपट्टा, सामूहिक जंगल आणि घरातलं धान्य : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना कसत्या वनजमिनीवर (हाच वनपट्टा) आणि गावाला जंगलावर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ साली झाला, नियम २००८ च्या सुरुवातीला आले. तरी आजही बहुतेक पत्रांत तेच असतं: दावा फेटाळला, जमीन कमी लावली, बाईचं नाव राहून गेलं. या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत.

आम्ही वारली. आजोबांपासून डोंगरउतारावर नागली-वरई करतो. उपविभागीय समितीने ‘पुरावा अपुरा’ एवढंच लिहून दावा फेटाळला. वनजमीन कसल्याबद्दल वनखात्याने केलेल्या दंडाची पावती आमच्याकडे नाही. आता काय? (जव्हार तालुका)

पावती नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. ज्याला कधी दंडच झाला नाही, त्याच्याकडे पावती असणार कुठून? नियम १३ मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे आणि त्यातले दोन पुरेत. मतदार यादी आणि रेशन कार्ड चालतं. शेतातले बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी, जुनी विहीर, स्मशानाची किंवा देवाची जागा या खुणाही चालतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लेखी निवेदनही पुरावाच आहे, फक्त तो स्वतः त्या दाव्यातला दावेदार नसावा. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्टच लिहिलं आहे की कुठल्याही एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट समितीने धरायचा नाही. उपग्रहाचं चित्र जोडीला घ्यावं, बाकीच्या पुराव्यांऐवजी नाही.

दोन गोष्टी मात्र दाखवाव्याच लागतील: १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुम्ही ती जमीन कसता आणि आजही कसता.

आधी आदेशाची प्रत मागून घ्या, त्यात कारणं लिहिलेली असलीच पाहिजेत. निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करा आणि सुनावणीला म्हाताऱ्यांना बरोबर न्या. तिथेही नकार आला तर तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात) असल्यामुळे आणखी एक दार आहे. मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली अपिलाची समिती ठेवली आहे. पडताळणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत तुम्हाला जमिनीवरून उठवता येत नाही, हे कलम ४(५) सांगतं. कोणी उठवायला आलं तर हे कलम दाखवा.

आमची दळी जमीन, म्हणजे डोंगरउतारावरची फिरत्या शेतीची. कसतो जवळजवळ तीन एकर, पट्टा मिळाला वीस गुंठ्यांचा. मोजणीवाले म्हणाले, बाकी पडीक आहे. (कर्जत तालुका, रायगड)

ही तक्रार सह्याद्रीच्या सगळ्या पट्ट्यात आहे आणि मला ती सगळ्यात जास्त जाचते, कारण यात थेट घरातलं धान्य कापलं जातं.

वरकस, म्हणजे हलक्या मातीच्या उतारावर दरवर्षी सगळी जमीन पेरत नाहीत. एका तुकड्यात पहिल्या वर्षी नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग खुरासणी, आणि त्यानंतर तो तुकडा काही वर्षं मोकळा सोडायचा. पातळ माती पुन्हा बळ धरते ती याच काळात. शेजारचा तुकडा राबासाठी राखलेला असतो, तिथला पालापाचोळा भाजून त्यावर रोपं तयार करतात. मोजणीच्या दिवशी हिरवा दिसतो तो एकच तुकडा. उरलेल्यावर गवत असतं आणि परगावचा माणूस त्याला पडीक लिहितो. एकाच तुकड्यावर दरसाल नाचणी घ्या म्हणणं म्हणजे काही वर्षांत तो तुकडा खडक करून ठेवणं.

कायद्यात वैयक्तिक हक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे आणि त्या मर्यादेत प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढं क्षेत्र द्यायचं आहे. म्हणून गावाच्या वनहक्क समितीबरोबर पुन्हा शिवार फिरा. फिरताना कुठल्या वर्षी कुठला तुकडा पेरला हे घरातल्या बायकांना विचारून लिहा, पेरणी-निंदणीचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असतो. जुने बांध, दगडांच्या रांगा, हद्दीवरचा आंबा किंवा मोह यांचे फोटो घ्या. नकाशावर सगळे तुकडे दाखवा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि वाढीव क्षेत्राची मागणी मुदतीत वर पाठवा. रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे वर सांगितलेलं विभागीय समितीचं दार तुम्हाला नाही. जिल्हा समितीसमोरची तयारी म्हणून कसून करा.

नवरा वारला. पट्टा एकट्या त्यांच्या नावावर. दीर म्हणतात, जमीन आमची. (नंदुरबार)

ताई, दिरांचं म्हणणं कायद्यात बसत नाही. कलम ४(४) प्रमाणे विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा होता. तुमचं नाव गाळलं ही चूक कार्यालयाची आहे, ती दुरुस्त करून मागा. हा हक्क वारसाने मिळतो. थेट वारस नसेल तरच जवळच्या नातलगाकडे जातो. आणि ही जमीन विकता येत नाही. स्टॅम्प पेपरवर कोणी अंगठा मागितला तर देऊ नका.

गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण पोरं विचारतात, जंगल राखून पोट भरतं का? (कुरखेडा तालुका)

पोरांना धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात घेऊन जा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं. कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, धरला आहे हे गावाने लावून धरलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

तेंदूपत्ता आणि बांबूचे पैसे दिसतात, म्हणून त्यांचीच चर्चा होते. मोहफुलं, चारोळी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, कंद, तळ्यातली मासळी यांची पावती फाटत नाही, पण धान संपल्यावर चूल यांच्यावरच चालते. ज्याच्या नावे गुंठाभरही शेत नाही, त्यालाही जंगल खायला देतं. म्हणून वैयक्तिक पट्टे मिळाल्यावर गावं सामूहिक दावा अर्धवट टाकतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

सामूहिक जंगल सांभाळणाऱ्या गावाच्या व्यवस्थापन समितीने एक नियम लगेच करावा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात, आग पुढे पसरते आणि लहान रोपं जळतात. पाला झाडून बाजूला ओढायचा, पेटवायचा नाही. लिलावाचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, पोरांचा विश्वास त्यातून बसेल.

पाड्यावर अंगणवाडी आणि रेशन दुकान हवंय. जमीन वनखात्याची आहे. (अक्कलकुवा तालुका)

कलम ३(२) त्यासाठीच आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, पाण्याची टाकी, रस्ता अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. तोडावी लागणारी झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ठरावातच कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या त्या भागाला दिलेला नंबर), क्षेत्र आणि झाडांची संख्या लिहा, म्हणजे त्रुटी काढून कागद परत पाठवायला जागा राहत नाही.