खांदा कुठे संपतो आणि दंड कुठे सुरू होतो?

खारघरच्या एक वाचक भगिनी फिजिओथेरपी केंद्रासाठी व्यायामांचे मराठी पत्रक तयार करीत आहेत. खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागाला भुजा म्हणावे, बाहू म्हणावे की दंड, आणि ‘खांदा’ या शब्दात नेमका किती भाग येतो, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: दंड. बाहू आणि भुजा हे शब्द संपूर्ण हाताचे आहेत. ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोचतात तो आजानुबाहू. बाहू कोपराशीच संपत असता तर हा शब्द घडलाच नसता. चतुर्भुज विष्णूच्या भुजांमध्ये शंख, चक्र, गदा आणि पद्म असते, म्हणजे भुजेत पंजाही आला. याउलट पहिलवान थोपटतो तो दंड, मुले फुगवून दाखवतात ती दंडाची बेडकी, आणि वाकी चढते तीही दंडावरच. शिक्षेची रक्कम या अर्थामुळे ‘दंड’ पत्रकात खटकेल, ही त्यांची शंका मला रास्त वाटत नाही. ‘दंड कानाजवळ आणा’ या वाक्यात दुसरा अर्थ कोणाच्याही मनात येणार नाही. (बखोट हा शब्द दंड आणि काख यांच्यामध्ये घोटाळतो. ‘बखोटीला धरून उठवले’ असे आपण म्हणतो, पण पत्रकासाठी तो पुरेसा नेमका नाही.)

खांद्याचा प्रश्न अधिक खोल आहे. संस्कृत स्कंध, प्राकृत खंध आणि मराठी खांदा अशी ही परंपरा असून झाडाची खांदीही त्याच कुळातली आहे. मराठीने हा अवयव पाहिला तो मुख्यतः ओझे वाहण्याची जागा म्हणून. खांदा देणे, खांदेकरी आणि आज मंत्रिमंडळाच्या बातम्यांत वाचायला मिळणारा खांदेपालट, या सगळ्या शब्दांच्या मुळाशी भार आहे. हा भार सांध्यावर नसतो, तर मानेच्या बुडापासून बाहेर उतरत जाणाऱ्या मांसल भागावर असतो. दहीहंडीला ठाण्यात थर लागतात तेव्हा वरच्या गोविंदाचे पाय खालच्याच्या खांद्यावर असतात, पण ते मानेलगत. टोकाशी ठेवले तर ते टिकणारच नाहीत. डॉक्टर मात्र ‘खांदा’ म्हणताना बहुधा त्या टोकाचा उखळीचा सांधा मनात धरतात, जिथे दंडाच्या हाडाचा गोल माथा अंसफलकाच्या, म्हणजे पाठीकडच्या चपट्या त्रिकोणी हाडाच्या, उथळ खोबणीत बसतो. खोबणी उथळ असल्यामुळेच हा सांधा चहूकडे फिरतो आणि त्याच कारणाने सहज निखळतोही.

तरीही मराठीचा ऐसपैस खांदा शरीररचनेच्या दृष्टीने चुकीचा ठरत नाही. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या साधारण १८० अंशांच्या हालचालीपैकी सुमारे १२० अंश त्या सांध्यात होतात आणि उरलेले ६० अंश अंसफलक बरगड्यांवरून सरकल्यामुळे मिळतात. या सरकण्यात गळ्याजवळचे आडवे हाड, म्हणजे जत्रुक, हेही सामील असते. म्हणून पत्रकात जिथे केवळ सांधा अभिप्रेत असेल तिथे ‘खांद्याचा सांधा’ असेच लिहावे, आणि ‘खांदे कानांकडे उचला’ व ‘हात वर उचला’ या सूचना कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्यात, कारण ते दोन निरनिराळे व्यायाम आहेत.

खांदा आणि दंड यांची सीमा शरीरानेच पुसट ठेवली आहे. डेल्टॉइड हा खांद्यावरचा जाड स्नायू जत्रुक आणि अंसफलकापासून निघून दंडाच्या हाडाच्या जवळजवळ मध्यापर्यंत खाली येतो. आपण लस ‘दंडाला’ घेतो ती या खांद्याच्या स्नायूतच टोचलेली असते. शिवाय सांध्याभोवतीच्या चार लहान स्नायूंच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांना, इजा झाली, तर वेदना पुष्कळदा दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवते. त्यामुळे ‘खांदा दुखतो’ म्हणणारा रुग्ण दंडावर हात ठेवील, किंवा दंड दुखतो म्हणून आलेल्याचे दुखणे खांद्यात निघेल. रुग्णाला दुखरी जागा शब्दात विचारण्यापेक्षा बोटाने दाखवायला सांगावे, अशी एक ओळ तपासनिसासाठी पत्रकात अवश्य घालावी.

आणि इंग्रजी ‘फ्रोझन शोल्डर’वरून शब्दशः केलेला ‘गोठलेला खांदा’ टाळावा. हात वर जाईनासा झाला की लोक ‘खांदा आखडला’ म्हणतात. ‘आखडलेला खांदा’ हेच शीर्षक त्या प्रकरणाला द्यावे.